वरचे सूर आणि दत्ताचा सल्ला

मंगळवार, संध्याकाळ

दत्ताने असं करावं? खडकीच्या बँडमध्ये बारा वर्षं आम्ही शेजारी उभे राहून ट्रंपेट वाजवतोय. महिन्यापूर्वी तोच म्हणाला, "हा उथळ माउथपीस लाव, वरचे सूर सहज लागतील." लागलेही, पण ओठांना टेकवायच्या त्या उथळ वाटीने दोन गाण्यांतच ओठ बधिर व्हायचे. "होईल सवय," म्हणायचा.

आज मुख्य वादक निवडायला बँडमास्तरांनी आम्हा दोघांना वाजवायला लावलं. माझा सूर मध्येच फाटला. जागा दत्ताला मिळाली.

बाहेर आल्यावर विचारलं, "तू का नाही माउथपीस बदललास?"

"बदलला होता. आठ दिवसांत काढला. त्यावर ओठ टिकत नाहीत."

"मग मला का नाही सांगितलंस?"

तो ट्रंपेट पुसत राहिला. होईल सवय म्हणे!

घरी हिने विचारलं, जागा कोणाला मिळाली? दत्ताला, म्हटलं.

"बरं झालं, घरच्यासारख्याच माणसाला मिळाली. रविवारी जेवायला बोलवा त्यांना."