‘पारायण’ शब्दाविषयी

अमरावती, १२ ऑगस्ट १९३४, रविवार.
फेब्रुवारीपासून वही उघडली नाही. माफी मागतो, वहीशिवाय मागायची तरी कुणाची? आता रोज लिहीन.
दोन कामे घेतली. एक, लायब्ररीच्या मासिकासाठी ‘पारायण’ या शब्दावर लेख. दुसरे, उद्यापासून तानुबाई फुलवालीकडे सात दिवसांत बावन्न अध्यायांची पोथी वाचणे. तिच्या लेकीची, शालूची, दोन बाळे गेली. आता तिसऱ्यांदा दिवस भरत आले, म्हणून नवस. तानुबाईला वाचता येत नाही. म्हणाली, मास्तर, तुमी बीए झालेले, वाचताना तुमचं अक्षर सुटत नाही. संकोच वाटला. खरेही वाटले.

१४ ऑगस्ट.
तानुबाईने बावन्न झेंडू मोजून ओल्या फडक्यात ठेवलेत. अध्याय संपला की पोथीवर एक वाहते. लेखात घ्यावे.
व्याख्या जमली: ‘पहिल्यापासून शेवटपर्यंत काहीही न गाळता केलेले वाचन.’ ‘काहीही’ऐवजी ‘एकही अक्षर’?

१६ ऑगस्ट.
लेख उद्या सकाळी द्यायचा. वाचनातून लवकर सुटणे भाग होते. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस वगळून एकदम एकोणतिसावा घेतला. तिन्हींत पुनरुक्ती असावी. रविवारी भरून काढीन.

१७ ऑगस्ट.
लेख दिला. ‘एकही अक्षर’ केले. संपादक खूष.

१९ ऑगस्ट, रविवार.
समाप्ती. आरतीला बाया आधीच जमलेल्या. ते तीन अध्याय राहिले.
फडक्यात तीन झेंडू उरले. तानुबाईने दोनदा मोजले. मग म्हणाली, मोजाले मीच चुकली असन, मास्तर. नवसाच्या कामात चुकली. तीन दिवस उपास धरते.
आतून शालू ओरडली, माय, कावून उपाशी मरून राहिली? तानुबाई म्हणाली, तू गप राय.
मी म्हणालो, होते कधी कधी.
दक्षिणा घेतली नाही. याचे थोडे समाधान वाटले, हेही लिहून ठेवतो.

२० ऑगस्ट.
तानुबाई उपाशीच फुले विकायला बसलीय, असे घरी बायकोने, रुख्मिणीने, सांगितले. प्रूफ आले, पहिल्या ओळीपुढे जाववेना. रुख्मिणीला सर्व सांगितले आणि लेख परत घेतो म्हणालो. ती म्हणाली, अहो, लेख परत घेऊन तानुबाईच्या पोटात काय जाणार?
प्रूफ मिटून ठेवले.

उद्या: शाळेआधी तानुबाईकडे. आधी कबुली, मग सव्वीसपासून.