जारचं पानी

मिठागर, कच्छ
६ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस करणचा लांबूनच पायावर डोकं ठेवून नमस्कार, वि. वि.

फोनवर तुझा आवाज आला की माझी जीभ वळत न्हाई, म्हनून लिहितो. तुझी ज्ञानेश्वरी गेली आन तिसऱ्याच दिवशी मी सुरतेला पळालो. तिथंबी मन लागंना. आता हितं मिठावर हाय. प्यायचं पानी टँकरनं येतं. गिलास तोंडाशी नेला की ज्ञानू मागनं म्हनते, मामा, मला पन. वळून बघतो तर मीठ.

काल आई म्हनली, भीमाचा पोरगा दवाखान्यात ज्ञानूच्याच वार्डात हाय. तसाच ताप, तसेच जुलाब. म्हनून सांगतो. आषाढात, पंचायतीचं पानी बघनाऱ्या सहादेवनानांचा गुडघा धरला हुता. पान्याच्या तपासनीची बाटली त्यांनी मला दिली, गावविहिरीवरनं भरून आन म्हनले. मला तिसगावच्या बाजाराचा टेम्पो गाठायचा हुता. मी चहाच्या टपरीवर जारचं पानी भरून दिलं. रिपोर्ट आला, पाणी पिण्यायोग्य. नानांनी तो पंचायतीच्या भिंतीला लावला आन विहिरीत जंतू मारायची पावडर टाकायची कमी केली. तू ज्ञानूचं पानी उकळत हुतीस. मीच चिडवलं, आमची ताई लई साहेबीण झाली, सरकार चांगलं म्हनतंय तरी गॅस जाळती. दुसऱ्या दिवशी तू पातेलं ठेवलं न्हाईस.

विहीर बंद करायला लाव. माझं नाव घेऊ नको, आईला कळंल. पत्र फाडून टाक. माया असू दे, उरली असंल तेवढी.

करण


२२ नोव्हेंबर २०२५

चि. करणास, आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते.

पत्र फाडलं नाही. आधी तुझं नाव न घेता सांगून पाहिलं. सरपंच म्हणाले, बाई दुःखानं भ्रमली, आणि भिंतीवरचा कागद दाखवला. बायका माझ्यादेखत हंडे भरून गेल्या. फोनवर तू बोलत नाहीस, पत्रानं विचारत बसले असते तर आठवडा गेला असता. ग्रामसभेत तुझं पत्र अथपासून इतिपर्यंत वाचलं, ते साहेबीण म्हणणंसुद्धा. नानांनी उठून भिंतीवरचा कागद काढला. आई मधूनच उठून गेली. अजून माझ्याशी बोलत नाही.

मग सगळ्यांसमोर विहिरीवर बाटली भरली. मैल्यातले जंतू निघाले. ते सापडले म्हणजे संडासाचं पाणी विहिरीत उतरतंय, अशी ती खूण. वरच्या आळीचे खड्डे पाझरतात. विहिरीला आता कुलूप आहे.

पत्र डॉक्टरांनाही दाखवलं. विहीर एकच म्हटल्यावर त्यांनी ज्ञानूचे कागद काढले. तिच्यातले जंतू तीन औषधांना दाद देत नव्हते. आपण गोळ्या अर्ध्यात सोडतो, उरलेल्या दुसऱ्याला देतो, त्यानं ते असे निर्ढावतात म्हणे. आईचा गोळ्यांचा डबा मी जाळला. ज्ञानूला चौथं औषध मिळेपर्यंत आठ दिवस गेले होते. भीमाच्या पोराला ते त्याच दिवशी लावलं.

काल तो पेज प्याला. त्याची आई डुलकी घेत होती, मीच भरवली. पाचव्या चमच्याला मनात आलं, हा कशाला वाचला. तुला सोडून हे कुणाला सांगू? सहावा चमचा दिला.

येण्याचं तुझं तू ठरव. ममता आटली नाही, तोंडावर येत नाही इतकंच.

तुझी ताई
रेश्मा