तो कुपे तुमालाच असू द्या

रुद्राणीचे पप्पा,

मी तीनच्या एसटीनं परभणीला बहिणीकडं जायलेय, तिथूनच रुद्राणीकडं जायला हैदराबादच्या गाडीत बसीन. परवा शेजारचे धोंडप्पा दारात हसत म्हणाले, "वहिनी, मजा हाय तुमची! साहेबांनी फर्स्ट क्लासात दोघांसाठी दोन बर्थचा बंद दाराचा कुपे मागून घेतलाय." मला एका शब्दानं इचारलं न्हाई. रुद्राणीच्या डोहाळजेवणात साऱ्या बायकांदेखत माझ्यावर ताट भिरकावलंत. तव्हापासून चार महिने आपलं बोलणं न्हाई. दार लावून एका रात्रीत सारं मिटंल असं वाटलं का तुमाला?

त्याच दिवशी स्टेशनावर रांगेत उभी राहून मी त्याच गाडीत स्लीपरचा मधला बर्थ घेतला. तिथं लेकरं रडत्यात, माणसं घोरत्यात, तरी मला झोप लागंल.

बाळाच्या गळ्यात बांधायचं इष्टलिंग अन् लिंगधारणेचं बाकी सामान माझ्याकडं हाय. तुमची बीपीची गोळी फ्रिजवर ठेवलीय. जेवण बांधलं न्हाई, स्टेशनावर खा. लेकीच्या घरी मी तुमच्याशी नीट बोलीन, तिच्या बाळाचं बारसं नासवणार न्हाई. रात्री मातर मला हुडकत स्लीपरकडं येऊ नका. आलात तर साऱ्या डब्यादेखत सांगीन, या माणसाला मी वळखत न्हाई.

महानंदा