घटपर्णीची आतली बाजू

२ नोव्हेंबर

पोहोचलो. ताईच्या धास्तीप्रमाणे बॅग चोरीला गेली नाही, गाडीही चुकली नाही. बाई स्वतः फाटकापर्यंत न्यायला आल्या. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, बुटक्या, पांढऱ्या केसांच्या, आणि बोलायला इतक्या गोड की शाळेच्या पुस्तकांत बेडकांची चित्रं काढून पाठीला बाक आलेल्या माझ्यासारख्याला आपण कोणी थोर कलावंत असल्यासारखं वाटायला लागलं. त्यांचा धाकटा भाऊ पूर्वी फायबरच्या होड्या बनवायचा. मीही त्यांना भाऊच म्हणायचं ठरलं. खोली हवेशीर, टेबल खिडकीशी. चहाबरोबरचा केक मी लाज सोडून दोनदा मागून घेतला.

घरामागे काचघर आहे. आत सगळ्या घटपर्णी. पानांच्या टोकाला झाकणासकट सुरया लोंबतात आणि त्या किडे खातात. मधोमध जमिनीत खड्डा करून भाऊंनी तशीच एक भलीमोठी फायबरची सुरई बसवली आहे, दोन पुरुष तरी खोल असेल. एका संग्रहालयासाठी. मुलं शिडीनं आत उतरणार आणि किड्याला काय दिसतं ते बघणार. ती आतून हुबेहूब रंगवायची, हे माझं काम. ताईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, जेवायला बसलेय, ठेव.

५ नोव्हेंबर

आज एक खरी सुरई उभी चिरून बघितली. कडेवर मधासारखा रस असतो, त्याच्या वासानं किडा येतो. कड ओली झाली की काचेसारखी गुळगुळीत होते. तिच्याखाली भिंतीला मेणाचा थर. मेणाचे कण किड्याच्या पायांना चिकटतात आणि त्याची पकड सुटते. तळाशी चिकट पाणी. त्यात पडला की सावकाश विरघळायचं, एवढंच उरतं.

एक भुंगा चढत होता. घसरायचा, जरा थांबायचा आणि पुन्हा त्याच जागेवरून चढायचा. मला बघवेना. ब्रशच्या टोकानं मी त्याला बाहेर काढला. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी तो चिमट्यात धरला आणि बाळाला पाळण्यात ठेवावं तसा अलगद परत आत ठेवला. म्हणाल्या, जन्मभर मी वरूनच बघत आले. आत काय वाटतं ते हा कधी सांगत नाही.

९ नोव्हेंबर

आता मी कुणाला बाहेर काढत नाही. काढलं तर चित्र अर्धवट राहतं. आज एका माशीचा पाय तुटून भिंतीलाच चिकटून राहिला. त्याची सावली फार सुंदर साधली. बाई म्हणाल्या, तुमचा हात आता बसला. दिवसभर मी खुशीत होतो. जेवताना ती माशी आठवली, पण घास काही अडला नाही.

१४ नोव्हेंबर

भाऊंनी मोठ्या सुरईच्या आत मुलामा चढवला, मी तो घोटून चकचकीत केला. मग त्यांनी मला चढून बघायला लावलं. आधी बूट घालून, मग अनवाणी. लहान मुलासारखा आपटत राहिलो. दोघं वरून हसत होते, मीही हसलो. कोपर मात्र सोलवटलं. तळाशी एक नळ आहे, त्याची चावी वर. मुलांना खरं पाणी आवडेल, असं भाऊ म्हणाले. शिडी पक्की का बसवली नाही, असं विचारलं तर म्हणाले, शेवटी बसवू.

१८ नोव्हेंबर

दोन दिवस घरी येऊन गेलो. ताई म्हणाली, अंगावर मूठभर मांस चढलंय. तिला सगळं सांगितलं: खोली, केक, बाईंचा स्वभाव. आईवडलांमागे तिनं मला वाढवलं, त्या पायी स्वतःचं लग्न राहून गेलं, आणि आता गुडघे गेलेत. बाईंचा निरोप होता की ताईंनाही घेऊन या, चार दिवस हवापालट होईल. ताई नको नको म्हणत होती. मीच हट्ट धरला.

२१ नोव्हेंबर

बाई ताईचा हात हातातून सोडतच नव्हत्या. सकाळी चहा तिच्या अंथरुणाशी नेऊन दिला. ताई मला हळूच म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला आयता चहा दिला रे.

२२ नोव्हेंबर

ताईला काम दाखवायला सुरईत उतरवलं. मी खालून तिचे पाय एकेका पायरीवर टेकवत होतो. तिनं भिंतीवरून हात फिरवला, मग माझ्या पाठीवरून. हे सगळं तू केलंस, असं दोनदा विचारलं.

तेवढ्यात शिडी वर गेली. भाऊ पुसायला नेत असतील असं वाटलं. मी हाक मारली. मग नळातून पाणी आलं. घोट्यापर्यंत आल्यावर थांबलं.

फोन वर, रंगांच्या डब्यांपाशी राहिलाय. खिशात ही वही आणि एक पेन्सिल.

बाई कडेशी खुर्ची टाकून बसल्यात. मी ओरडलो, शिव्या दिल्या, हात जोडले. त्या थांबल्या, माझं संपू दिलं. मग म्हणाल्या, "लिहा. तुमची पेन्सिल चालते आहे तोवर भाऊ नळ उघडणार नाही."

२३ नोव्हेंबर

डुलकी लागली. पाणी गुडघ्यांवर. ताईनं चिमटा काढून उठवलं.

मी विचारलं, पहिल्याच दिवशी का नाही? त्यांनी शांतपणे सांगितलं, "कड कोरडी असते तेव्हा मुंगी पडत नाही. पोटभर खाऊन घरी जाते आणि आपली माणसं घेऊन येते."

ताईनं ऐकलं. माझ्याकडे बघितलं नाही.

त्यांना सगळं हवंय. काय वाटतं, कुठे दुखतं. लिहितो. पायांची कातडी सुरकुतून पांढरी पडलीये. तहान. हे पाणी पिऊ नका म्हणतात, भाऊंनी त्यात काहीतरी घातलंय — पाय आधी चुरचुरत होते, आता —

परत सकाळ

ताई म्हणाली, मी लिहिते, तू जरा नीज. तिनं पेन्सिल घेतली. नळ सुटला. तिचं लिहिणं चालत नाही. माझंच हवं.

पाणी माझ्या छातीला. ताई बुटकी, तिच्या गळ्याला.

ती म्हणते, मला खांद्यावर घे, हात कडेला पोचेल. पोचेलही. पण ती कड मीच रंगवली, मुलामा मीच घोटला — तिला सांगितलं नाही — तिनं एकदा उडी मारून बघितली. नखं घसरत गेली. थांबली. पुन्हा त्याच जागी —

बाई पुढे वाकल्या. भिंग काढलं.

बोटं वळत नाहीत. काहीही लिहितोय. ताई. ताईचा पदर. ताईचे गुडघे. ताईचे

तिचे पाय सुटले. डाव्या हातानं तिचं मनगट धरलंय, वही भिंतीला, उजव्यानं लिहितोय. जड झालीये. पाणी तिच्या ओठांना लागतंय. ती ओरडत नाही. म्हणते, "बाळू, दुसरा हात दे."

दुसऱ्या हातात पेन्सिल आहे. तिला कसं सांगू. थांबलो तर नळ —

मनगट निसटतंय. पंजा धरलाय. आता बोटंच. दोन्ही हात लागतील. दोन्ही लावले तर