बर्फाचा हेवा

गारखेडा,
छत्रपती संभाजीनगर

प्रिय स्वरदा,

काल बोलता बोलता फोन बंद पडला, तेव्हा रेंज गेली असं तुला वाटलं. आईला तू तसंच म्हणालीस. रेंज इथं भरपूर आहे गं. फोन मीच ठेवला. का ठेवला ते तोंडानं सांगणं मला जमणार नाही. चिन्मयदादा उद्या तुझं सामान घेऊन गोव्याला तुझ्याकडे निघतोय, म्हणून त्याच्याच हाती हे देतोय. तो माझ्या ऑपरेशनच्या आत परत येईल.

सामानात लोकरीचे मोजे आहेत. ते घ्यायला मी गुलमंडीत गेलो होतो. दुकानदार हसून म्हणाला, "काका, आपल्या गावात इतके जाड मोजे कुणाला लागतात?" मी म्हणालो, "पोरगी अंटार्क्टिकाला चालली. वर्षभर राहणार." झालं! त्यानं गिऱ्हाइकं सोडून चहा मागवला आणि दुकानभर सांगितलं, "पेपरात फोटो आला होता ना, त्या मॅडमचे वडील हे." मी छत्तीस वर्षं चिकलठाण्याच्या वेधशाळेत काढली. ऊन असो, वादळ असो, तापमान घेतलं, पाऊस मोजला, आभाळात फुगे सोडले. मला कुणी चहा मागवला नाही. पाऊस दडी मारून बसला की रिक्षावालेसुद्धा मला जाब विचारायचे, तेवढीच माझी कीर्ती. तो चहा मी अर्धा टाकून उठलो. गोड फार होता, असं आईला सांगितलं.

आपल्या कॉलनीत तुझा सत्कार झाला तेव्हाही असंच. सूत्रसंचालन करणाऱ्या सुलेखाताईंनी मला स्टेजवर बोलावलं आणि "स्वरदाचे बाबा" म्हणून ओळख करून दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझं नाव सदाशिव आहे हे सांगायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. मी हसत उभा राहिलो. फोटोत बघ, हसू कसं आलंय ते.

गेल्या महिन्यात तू मला फोनवर समजावत होतीस. बाबा, तिथला समुद्र दर हिवाळ्यात गोठतो, उन्हाळ्यात सुटतो. बर्फ किती पसरला ते उपग्रह दाखवतो, पण जाडीची खात्री करायची तर माणसाला त्यावर उभं राहून भोक पाडावं लागतं. मी नुसतं "हो का?" म्हणालो. अगं, तेवीस साली तिथं हिवाळ्यात बर्फ इतका कमी गोठला की उपग्रहानं मोजायला लागल्यापासून तसं कधी झालं नव्हतं. त्या वर्षी मी सकाळी पेपर उघडायच्या आधी बर्फाचा नकाशा उघडत होतो. आई म्हणायची, "दूध उतू चाललंय, आणि तुमचं काय चाललंय?" तुला कधी बोललो नाही. ते तुझं काम होतं. माझं कुठल्या तोंडानं म्हणणार?

कडुबाकाका तुला आठवत असतील. वेधशाळेतले, मोठ्या मिशांचे. तू जन्मायच्या आधी आमच्या खात्यातून अंटार्क्टिकाला एक माणूस पाठवायचा होता. मुलाखती झाल्या. निवड कडुबाची झाली आणि मी राखीव. त्याला काही झालं तरच मी जाणार. मी सहा आठवडे वाट बघितली. त्याला साधी सर्दीसुद्धा झाली नाही. वर्षभरानं तो दाढी वाढवून परत आला आणि पुढं तीस वर्षं प्रत्येक लग्नाच्या पंगतीत त्यानं बर्फाच्या गोष्टी सांगितल्या. मी शेजारी बसून जेवायचो. तो भला माणूस होता, माझा मित्र होता, आणि त्याची एकही गोष्ट मी पूर्ण ऐकलेली नाही. भात वाढून आणायच्या निमित्तानं उठायचो. हे आईलासुद्धा ठाऊक नाही. मी अर्ज केला होता, एवढंच तिला माहीत आहे. तुला तर तेवढंही नाही.

आता कालचं. माझ्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन ठरलंय हे मला न विचारता आईनं तुला सांगितलं. तू म्हणालीस, "बाबा, मी नाव मागं घेते. सोमवारी ऑफिसात सांगते." असं ऐकून कुठल्याही बापाचे डोळे भरून आले असते. माझ्या मनात काय आलं सांगू? बरं झालं. तू जवळ राहशील म्हणून नव्हे. आता हीसुद्धा जाणार नाही, म्हणून. क्षणभरच वाटलं असेल, पण ते वाटणं बापाचं नव्हतं. माझी मलाच भीती वाटली आणि मी फोन ठेवला. तेव्हा सोमवारी तू कुणाला काही सांगू नकोस. इथं चिन्मय आहे, आई आहे, डॉक्टरही चांगले आहेत. तू राहिलीस तर तुला घरात हिंडताना बघून, हीसुद्धा गेली नाही म्हणून, मला आतून गुदगुल्या होतील, आणि त्या मला सोसणार नाहीत. तू गेलीस तर वर्षभर तुझ्यावर जळेन. जळायची मला सवय आहे, त्यानं मी मरत नाही. जा तू.

तुझाच, आणि तुझ्यावर जळणारा,
बाबा