रिकाम्या गॅरेजचा वारस

मी, खाली सही करणारी, धंदा मोटारींच्या सीटा शिवणं, वय सत्तरीच्या पुढे, घरधनी निवर्तलेले, माझ्या पश्चात कोणाला काय मिळावं आणि कोणाला काय मिळू नये हे या कागदावर लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. त्या हाडांच्या आहेत, पण माझं डोकं त्यांनी बरंच ऐकून घेतलं आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. दडपण आणायचा प्रयत्न माझ्या मुलाने केला होता, त्याचं काय झालं ते चौथ्या कलमात येईल. याआधी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. ते रागाच्या भरात केलं होतं. हेही रागातच करत आहे, पण या खेपेला विचार करून.

कलम पहिलं. शिलाई मशीन, चामडं कापायच्या कात्र्या, सगळ्या सुया, दोरे आणि बँकेत जे शिल्लक असेल ते माझ्या मुलीला. ती लांब राहते, पण फोन केला की आधी माझं ऐकते आणि मग स्वतःचं सांगते. तिने मला कधी दुखावलं नाही, त्यामुळे तिच्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं काही नाही. मशीन डावीकडे ओढतं, तेवढं तिने लक्षात ठेवावं.

कलम दुसरं. माझ्या नणंदेला तिच्या गाडीची सीट कव्हरं मिळावीत. शिलाई वाकडी आहे असं चारचौघांत म्हणून तिने ती परत पाठवली होती. मी त्यांची घडीसुद्धा मोडलेली नाही. शिलाई सरळ आहे. सोबत पट्टी ठेवली आहे, तिने चष्मा लावून ताडून पाहावं. मागच्या गल्लीतल्या मास्तरांनी गाडीच्या आवाजाविरुद्ध घरोघरी फिरून सह्या गोळा केल्या, त्यांना जुना सायलेन्सर. त्याला भोक आहे. त्यांनी तो कानाला लावून बसावं किंवा त्यात वेल लावावा, माझी हरकत नाही.

कलम तिसरं, मोटारीबाबत. सदर मोटार दोन सीटांची, लाल, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी आणि टर्बो बसवलेली आहे. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावर गरगरणारा पंखा. तो इंजिनात जादा हवा कोंबतो आणि गाडी अंगात आल्यासारखी पळते. निदान पळायला हवी. आमच्या ह्यांनी ती बंद पडलेली विकत आणली, घरामागच्या गॅरेजमध्ये उभी केली आणि उरलेलं आयुष्य तिच्या खाली पाठीवर पडून काढलं. सुरू व्हायची, गल्लीच्या टोकापर्यंत जायची, पेडल दाबलं की मात्र घुसमटायची, दम लागल्यासारखी. ह्यांनी टर्बो बदलला. पुन्हा बदलला. पंप बदलला, वायरी बदलल्या, देवाला आणि मला शिव्या दिल्या. आमच्या लग्नानंतरची सुट्टीची प्रत्येक दुपार या गाडीने खाल्ली.

सीटा मी शिवल्या. काळं चामडं, लाल दोरा, दुहेरी शिलाई. त्याहून पुढे मात्र मला हात लावायची बंदी होती. एकदा मी पाना उचलून दिला तर म्हणाले, "तू आपली सुई सांभाळ. हे तुझं काम नाही." दुसऱ्यांदा उचलला तेव्हा हातातून काढूनच घेतला, तेही गिऱ्हाइकासमोर. माणूस वाईट नव्हता. पण तो पाना काढून घेतलेला मी विसरले नाही, आणि ते गेले तेव्हा रडता रडतासुद्धा मला तोच आठवत होता.

म्हणून ते गेल्यावर गाडी मी पूर्ण केली. प्रेमाने केली असं कोणी म्हणू नये. त्यांच्या नाकावर टिच्चून केली. त्यांचा फोटो गॅरेजच्या भिंतीवर, बरोबर इंजिनासमोर लावला आणि त्यांच्या देखत बोल्ट सोडले. बिघाड टर्बोत नव्हताच. टर्बोकडे हवा नेणारा जाड रबरी पाइप आहे, त्याच्या आतलं अस्तर तेलाने सुटलं होतं. गाडी बंद असताना ते गपगुमान चिकटून बसायचं. पेडल दाबलं की हवेबरोबर आत ओढलं जायचं आणि वाट बंद. आमचे हे तो पाइप बाहेरून दाबून बघायचे आणि ठणठणीत आहे म्हणायचे. मी कोटाच्या बाहीत घालावा तसा आत हात घातला आणि अस्तर माझ्या हाताबरोबर बाहेर आलं. नवा पाइप बसवला, गाडी काढली आणि मोठ्या रस्त्याला पेडल दाबलं. पाठ सीटला चिकटली. मी एकटीच मोठमोठ्याने हसत होते. परत येऊन फोटोला म्हटलं, "पाहिलंत?" आयुष्यात पहिल्यांदाच ते काही बोलले नाहीत.

कलम चौथं, मुलाबाबत. माझा मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो, दर रविवारी येतो, चहा पितो, फोन बघतो आणि जातो. गाडी चालते हे त्याला ठाऊक नाही. मी ते लपवलं नव्हतं. माझ्या नखांत काळं तेल असायचं. बशीत नट पडलेले असायचे. एकदा मी मुद्दाम त्याच्या कपाशेजारी स्पार्क प्लग ठेवला, तर त्याने तो न बघता बाजूला सरकवला आणि बिस्किटांचा डबा जवळ ओढला. मला ते लागलं. फार लागलं.

पुढे मी पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. झाडताना पडले असं मुलाला सांगितलं. खरं म्हणजे त्या बुटक्या सीटवरून उठताना पाय सरकला. मी हॉस्पिटलात असताना तो उशाशी बसून म्हणाला, "आई, ती गाडी म्हणजे बाबांचं खूळ होतं. ते गेले. आता तू किती दिवस ते मढं सांभाळत बसणार? जागा मोकळी झाली तर मला तिथे माझी गाडी तरी लावता येईल." मी म्हटलं, विचार करते. त्याने माझ्या विचाराची वाट पाहिली नाही. भंगारवाल्याला फोन केला आणि सांगितलं, किल्ली खिळ्याला टांगली आहे, जागेवरच कापून न्या.

हा भंगारवाला आमच्या गॅरेजमधले जुने पत्रे वर्षानुवर्षं उचलत आला आहे. दुसऱ्या दिवशी तो हॉस्पिटलात माझ्या खाटेशी उभा राहिला. हातात टोपी, कपड्यांना गंजाचा वास. नर्स त्याला बाहेर काढायला बघत होती.

"ताई," तो म्हणाला, "स्टिअरिंगचं कुलूप सोडवायला किल्ली फिरवली, तर ही बया सुरूच झाली की! चालत्या गाडीला कटर लावायला माझा हात होईना. कापू का? तुम्हीच सांगा."

"माझ्या मुलाला सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं नाही. मी म्हटलं, आधी मालकिणीला विचारावं."

मी त्याला गप्प राहायला सांगितलं. कागद आईच्या नावावर आहेत, तिच्या सहीशिवाय कापता येत नाही, असं त्याने मुलाला कळवलं. मुलगा माझ्यावर फणफणला. "एवढ्याशा गोष्टीत आडवी येतेस," म्हणाला. ती एवढीशी गोष्ट म्हणजे माझ्या हातचं सगळ्यात मोठं काम होतं.

कलम पाचवं, मोटार ठेवावी की नाही याबाबत. काढून टाकावी असं सगळेच सांगतात. डॉक्टरीणबाई म्हणतात, तुमच्या खुब्याला ती सीट म्हणजे विहीर. शेजारचा रंगारी म्हणतो, पत्रा खालून गंजतोय. गाडीचे सुटे भाग मिळत नाहीत, पाणी उकळतं, पेट्रोल ती चहासारखं पिते. माझ्या पायाला क्लच झेपत नाही, म्हणून हल्ली भंगारवाला चालवतो आणि मी शेजारी बसून त्याच्या चुका काढते. हे सगळं मला कबूल आहे. तरीही गाडी कापली जाता कामा नये.

आधीच्या मृत्युपत्रात मी लिहिलं होतं की घर मुलाला मिळेल, पण मोटार त्याच गॅरेजमध्ये ठेवायची, ती चालू ठेवायची आणि स्वतःची गाडी जन्मभर रस्त्यावर उन्हापावसात लावायची. लिहिताना मला गोड झोप लागल्यासारखं वाटलं. वकीलबाईंनी ते वाचलं आणि चष्मा काढला.

"तुम्हाला गाडी चालती राहायला हवी आहे, की मुलगा कुढत बसायला हवा आहे?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"एका कलमात एकच बसेल. जो कुढत सांभाळेल तो तिला उंदरांच्या तोंडी देईल."

मला वकीलबाईंचा राग आला, कारण त्यांचं बरोबर होतं. त्या रविवारी मुलगा चहा पिताना मी त्याच्याकडे बघत बसले. नाक ह्यांचं, हट्ट माझा. याच्या हातात गाडी म्हणजे तिचे हाल, आणि हाल तिचे का, तिने काय केलं?

म्हणून असं ठरवते. मोटार, तिचे सुटे भाग, सगळे पाने आणि भिंतीवरचा फोटो भंगारवाल्याला मिळावा. फोटो इंजिनासमोरच लावायचा, ही अट आहे. घर मुलाला, आणि गॅरेज पूर्ण रिकामं, झाडून, पुसून. त्याला जे हवं होतं ते मी त्याला काही न कापता देत आहे. मात्र मोटार नेताना ती ढकलत किंवा ओढत नेऊ नये. मुलाला दारात उभं करावं, त्याच्यासमोर किल्ली फिरवावी, इंजिन तापू द्यावं आणि मग गल्लीच्या टोकाला पेडल पूर्ण दाबावं. तो काय म्हणतो ते ऐकायला मी नसेन, एवढीच रुखरुख आहे.

कलम सहावं. वकीलबाईंच्या आग्रहावरून नाही, माझ्या मनाने घालते आहे. माझ्या हयातीत मुलाने एकदा जरी, आपणहून, "आई, ही चालते का?" असं मला विचारलं, तर पाचवं कलम रद्द. मोटार त्याची. मी स्वतः त्याला शेजारी बसवून शिकवीन, खुबा गेला खड्ड्यात. भंगारवाल्याला हे मान्य आहे. "विचारतील हो ताई," तो म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं. हे कलम माहीत असलेल्या कोणीही मुलाला सुचवू नये. जो सुचवेल त्याला माझा तळतळाट लागेल.

सहीआधीची नोंद. आज रविवार. सकाळी भंगारवाला मला गाडीतून मोठ्या रस्त्याला फिरवून आणून गेला. त्याला वारसा मिळत असल्याने त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकीलबाई म्हणाल्या. त्यानंतर वकीलबाई, डॉक्टरीणबाई आणि रंगारी गॅरेजमध्ये जमले आणि मी कामाच्या टेबलावर हा कागद पसरला. तेवढ्यात मुलगा माझी औषधं घेऊन आत आला. तो गॅरेजमध्ये सहसा येत नाही. मी म्हटलं, घराचे कागद चालले आहेत. त्याचा चेहरा खुलला. बोलता बोलता तो गाडीला टेकला, बॉनेटवर हात ठेवला आणि चटकन उचलला.

"आई, हे एवढं गरम कसं?"

रंगारी छताकडे बघू लागला. मुलगा हाताकडे बघत होता, मग गाडीकडे बघू लागला. इतक्या वर्षांत इतका वेळ त्याने तिच्याकडे बघितलं नव्हतं. विचार, मी मनात म्हणत होते. विचार रे बाळा.

"दारातून ऊन लागत असेल, नाही का?" तो म्हणाला.

मी म्हटलं, "हो."

त्याने औषधं टेबलावर ठेवली, पुढच्या रविवारी येतो म्हणाला आणि गेला. हा सहाव्या कलमातला प्रश्न धरायचा का, असं डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं. धरायचा नाही. प्रश्न विचारून उत्तरही त्याचं त्यानेच दिलं. सहावं कलम मात्र खोडत नाही. रविवार अजून येतील.

सही: सीटा शिवणारी, वरील मुलाची आई.

साक्षीदार पहिली: हाडांची डॉक्टरीण. सही करताना बाईंनी पेन दोनदा खाली ठेवलं. कारण वैद्यकीय नाही.

साक्षीदार दुसरा: शेजारचा रंगारी. वरील सगळं माझ्यासमोर झालं.

लेखन: वकीलबाई.

तारीख: आजची, रविवार.

स्थळ: घरामागचं गॅरेज. दार उत्तरेला, खिडकी नाही. इथे ऊन येत नाही.