भोंग्याची तार

प्रिय आतिफ,

दुवा. वीस दिवस झाले, तू फोन उचलत नाहीस. तुझ्या अम्मीला मी थाप मारतो, की विमान पडल्यापासून तिथं कामाचा डोंगर आहे. तिला ते खरंही वाटतं. केजच्या गॅरेजवाल्याचा पोरगा विमानाचा मेकॅनिक झाला, याचंच तिला अजून अप्रूप आहे.

मलाही होतं. मागच्या ईदला तू सांगत होतास, की तुमच्या वैमानिक शाळेतल्या नव्या विमानात घड्याळासारखे काटे नाहीत, टीव्हीसारखे पडदे आहेत. वेग फार कमी होऊन विमान कोसळायच्या बेतात आलं, की भोंगा वाजतो. आणि तूच म्हणालास, "अब्बा, शिकणारी पोरं त्या भोंग्यावरच इसंबत्यात. त्यो गप्प, म्हंजी समदं ठीक." मी मान डोलवली. मला काय कळलं, डोंबल!

आपल्याकडे काळीपिवळीवाले यायचे. ऑइलची लाल बत्ती उगाच पेटते, पॅसेंजर घाबरतात, म्हणायचे. मी बत्तीची तार उपसायचो आणि 'सवडीनं बघू' म्हणायचो. शंभरदा केलं असेल. हेच तू माझ्या हाताखाली शिकलास. म्हणून त्या संध्याकाळी तू फोन केलास, की भोंगा जमिनीवरही वाजतोय, पार्ट उद्या येणार, तेव्हा मी जेवता जेवता सांगून टाकलं, "तार काढून ठिव बे, सकाळी बघ." सकाळी तू पोचायच्या आधीच सायली ते विमान घेऊन उडाली. एकोणीस वर्षांची, विमान शिकणारी पोर. भोंगा वाजलाच नाही.

पकडला गेला तुझ्या हाताखालचा नाथा. आतिफभाईनं बघितलंय म्हटल्यावर त्यानं तपासणीवर डोळे झाकून सही ठोकली होती. तूच त्याला तिथं चिकटवलंस. परवा त्याची आई, छबुबाई, गॅरेजात आली. "ख्वाजाभाई, माजा नाथा तारंला हात लावला न्हाई म्हनतोय. तुमच्या आतिफला इचारा की, त्यो तर तिथंच हुता." मी तिला चहा पाजला आणि वाटेला लावलं. त्या चहाची मला अजून लाज वाटते.

हे पत्र तुला समजवायला नाही, ती वेळ गेली. काल मी चौकशीच्या साहेबांना सगळं लिहून दिलं: तार तू काढलीस, काढायला मी सांगितलं. माझा गुन्हा कायद्यात बसत नाही म्हणे, तुझा बसतो. नाथा सुटेल. ती पोर काही परत यायची नाही, आणि तू मला पुन्हा अब्बा म्हणणार नाहीस, हेही मला ठाऊक आहे. पोलीस दारात येण्याआधी तुला हे माझ्याकडूनच कळावं, म्हणून तुझ्या बहिणीच्या, उज्माच्या, हाती पाठवतोय.

तुझाच,
ख्वाजा मिस्त्री